टाक्या गेल्या, पण तेल गेलं का?

“टाक्या कापून भंगारात गेल्या की जागा मोकळी. मग बाग करा नाहीतर मैदान,” अप्पा म्हणाले आणि शिवडीच्या आमच्या कट्ट्यावर जी जुंपली, ती चहाचा दुसरा राउंड गार होईपर्यंत.

विषय शिवडी-वडाळ्याकडच्या तेलाच्या टाक्यांखालच्या जमिनीचा. बंदराची जागा शहराला खुली होणार, हे २०१४ च्या राणी जाधव समितीपासून आम्ही ऐकतोय. अप्पांची सगळी हयात गोदीत गेली. नातवंडांना खेळायला जागा हवी हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

गण्या नुकताच सिअ‍ॅटलला बहिणीकडे जाऊन आलाय. तिथला समुद्राकाठचा ऑलिंपिक स्कल्प्चर पार्क बघून भारावलाय. “युनोकल कंपनीचा तेलाचा डेपो होता तिथं! २००७ ला बाग खुली झाली. आता लोक गवतावर लोळतात. आपल्याला का जमू नये?”

“बाग बघितलीस, पण त्याआधी काय काय करावं लागलं ते वाचलंस का?” ताईनं विचारलं. ती प्रयोगशाळेसाठी माती-पाण्याचे नमुने गोळा करते. “डेपो सत्तरच्या दशकात बंद झाला. म्हणजे मध्ये तीसेक वर्षं गेली. १,२०,००० टनांहून जास्त तेलकट माती खणून काढली. जी उरली तिच्यावर स्वच्छ मातीचा जाड भराव, आणि मग त्यावर गवत.”

“म्हणजे शेवटी झाकलंच ना?” बाळ्यानं लगेच पकडलं. “मग खणायचा खर्च कशाला? आपणही भराव टाकू.”

इथं ताई चिडली. एका बंद डेपोतला नमुना तिनं हातवारे करून समजावला. बोअरमध्ये दोरीनं पारदर्शक नळी सोडायची आणि हळूच वर ओढायची. नळीत खाली पाणी आणि त्यावर तरंगणारा चहाच्या रंगाचा थर, बोटाच्या पेराएवढा. झाकण काढताच पेट्रोल पंपावरचा वास. टाकी रिकामी होऊन कैक वर्षं झालेली.

“तेल हलकं, म्हणून भूजलावर तरंगतं. पावसाळ्यात पाणी वर चढतं, उन्हाळ्यात उतरतं, किनाऱ्याजवळ भरती-ओहोटीचाही परिणाम होतो. दरवेळी तेल वरखाली होऊन मातीच्या कणाकणाला चिकटत जातं. त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळून पुढं सरकतं, आणि वाफ होऊन वरही येतं. उघड्या मैदानात ती वाफ उडून जाईल. पण वर इमारत बांधलीस आणि खाली बेसमेंट पार्किंग केलंस, तर तिथं कोंडेल. बेन्झीननं कॅन्सर होतो, बाळ्या.”

भरावानं पाय मातीला लागत नाहीत, पण खालचं पाणी थांबत नाही. मला वाटतं, सगळ्या वादाची मेख इथंच आहे.

गण्यानं मग जिवाणूंचा मुद्दा काढला. दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेनं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं मिश्रण केलंय, रिफायनऱ्यांच्या तेलकट गाळावर ते वापरलंही जातं. ताईला हा उपाय आवडतो, कारण माती ट्रकांत भरून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात न्यायची गरज कमी होते. पण जिवाणूंना हवा, ओल आणि खत द्यावं लागतं, वारंवार तपासावं लागतं. शिवाय आपल्याकडे शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधीच्या टाकीच्या बुडाच्या गाळात शिसं असू शकतं, आणि शिसं काही कुठला जिवाणू पचवून संपवत नाही. नुसतं निसर्गावर सोडलं तर काय होतं, ते अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीला दिसतं. १९७९ मध्ये तिथं पाइपलाइन फुटली. जिवाणू तेव्हापासून कामाला लागलेत, तरी चाळीस वर्षांनंतरही भूजलावर तेल होतंच.

“अरे, मग माझी नातवंडं म्हातारी होतील!” अप्पा कळवळून म्हणाले.

त्यांना मी एवढंच म्हटलं की उशीर तपासणीनं होत नाही, तपासणी टाळल्यानं होतो. जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आलेत. संशयित जागांची यादी स्थानिक यंत्रणेनं द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळानं ती तपासायची आणि ज्यानं घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा. तेव्हा आराखड्यात बाग की टॉवर हे ठरण्याआधी माती-पाण्याचे अहवाल लोकांसमोर आले पाहिजेत. मालकी बदलल्यावर घाण कोणाची, हे शोधायला कोर्टात वर्षं जातात. आणि तोवर फ्लॅट विकले गेलेले असतात.

बाळ्याला हे अजून पटलेलं नाही. घरं आधी, असंच तो म्हणतो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तसं वाटणारच, त्याचा मला राग नाही.

ताईनं मात्र अप्पांना कामाला लावलं. कुठल्या टाकीत पेट्रोल होतं, कुठलीत रॉकेल, जुन्या पाइपलाइनी कुठून जायच्या, हे आठवेल तेवढं लिहून द्या म्हणाली. बोअर कुठं घ्यायचे हे त्यावरूनच ठरतं, आणि जुने नकाशे नेहमीच पुरे पडत नाहीत. अप्पा रविवारी गोदीतल्या दोन जुन्या सोबत्यांना घेऊन येतायत. वॉर्ड ऑफिसला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करतोय.