जाहिरात आधीची, नेमणूक नंतरची

१ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्यांना जुनी पेन्शन नाही; पण भरतीची जाहिरात त्यापूर्वी निघाली असेल तर रुजू नंतर झालेल्यांनाही जुन्या पेन्शनचा पर्याय, अशी बातमी वाचली. ती बरोबर आहे. महाराष्ट्राच्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी तसा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये झाला. पण जिल्हा परिषदेत जाहिरातीचा पुरावा आणायचा कर्मचाऱ्याने! वीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्राचं कात्रण कोण जपून ठेवतो? भरतीची फाइल कार्यालयाकडे, तारीख त्यांनीच काढून द्यायला हवी.

आणि शिक्षणसेवकांचं काय? तीन वर्षं मानधनावर घासली. त्यातले बरेच जण २००५ च्या आधी लागले आणि नियमित वेतनश्रेणीत नंतर आले. सेवा धरायची कुठून, यावर किती जण कोर्टात गेले!

माझ्या पगारातून मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या दहा टक्के डीसीपीएस (जुन्या पेन्शनऐवजी आलेली अंशदान पेन्शन योजना) कपात सुरुवातीपासून होत आली. पण पहिल्या काही वर्षांच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या अजून हातात नाहीत. पंचायत समितीत विचारलं की जिल्ह्याला विचारा, जिल्ह्यात विचारलं की पंचायत समितीत. (मधल्या काळात तीन लिपिक बदलले.)

मार्च २०२३ चा संप झाला, मग शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पेन्शनची सुधारित योजना आली. सरकार, यातून पर्याय निवडायला सांगताय, तर आधी प्रत्येकाच्या खात्यावर नेमके किती जमा आहेत ते लेखी द्या.