मूल्य कितलं, भाऊ?

डाव्या गालाला अजून तुरटी लावतोय. उजव्याबद्दल माझी कोणाकडे काही तक्रार नाही, तो रविवारी सकाळी साडेदहालाच व्यवस्थित झाला होता.

झालं असं की रविवारी दुपारी दोनला २०२४ च्या विधानसभा निवडणुकीचं दुसरं प्रशिक्षण होतं. मी मास्तर. म्हणजे २० नोव्हेंबरला मी मतदान अधिकारी क्रमांक एक. यादीत नाव शोधायचं, मोठ्याने पुकारायचं, ओळखपत्र बघायचं. साहेब लोकांसमोर खुंट वाढवून बसणं बरं दिसत नाही, म्हणून स्टँडमागच्या सलूनमध्ये जाऊन खुर्ची धरली. धुळे जिल्ह्यात विधानसभेचे पाच मतदारसंघ आहेत. त्यातला आमचा कोणता, ते सांगणार नाही. का, ते कळेलच.

उजवा गाल झाला. मान वळवून डाव्या बाजूला वस्तरा टेकतोय, तोच बाहेर ढोल वाजला आणि सलूनचा पडदा बाजूला सारून भाऊ आत आले.

आमच्याकडे उमेदवाराला नाव नसतं, नातं असतं. भाऊ, दादा, आप्पा, नाना, आबा, ताई. सख्ख्या भावाला वर्षभर फोन न करणारा माणूस निवडणुकीत दिवसाला दहा भाऊ करतो. ‘भाऊ येऊन गेले का?’ असं कोणी विचारलं तर ‘कोणते?’ हा उलटा प्रश्न करावा लागतो, आणि त्यावरून आपण कोणाचे हे ओळखलं जातं. मास्तर माणसाने म्हणून ‘येऊन गेले असतील’ एवढंच म्हणावं.

तर हे भाऊ. पांढरा सदरा, खाली पळायचे बूट, मागे चौदा-पंधरा माणसं, आणि काठीला मोबाईल लावलेलं एक पोरगं. भाऊ थेट माझ्या पायांशी वाकले. पण पाय होते कापडाखाली. त्यांनी दोन वेळा चाचपलं आणि शेवटी खुर्चीच्या लोखंडी पायटाला नमस्कार केला. मग उभे राहून, आरशातल्या माझ्याकडे बघत म्हणाले, “सर, मी मतं मागायला आलेलो नाही.”

हे वाक्य मी या पंधरवड्यात पाचव्यांदा ऐकलं. मतं मागायला कोणीच आलेलं नाही. मग निवडणूक आयोगाने एवढी यंत्रं कशाला आणून ठेवलीत?

“मी फक्त माझी मूल्यं आणि माझा प्राधान्यक्रम तुमच्यापुढे मांडायला आलोय,” भाऊ म्हणाले. कुठल्यातरी पुण्याच्या माणसाने पाठ करून घेतलेलं वाक्य असावं. ‘प्राधान्यक्रम’ म्हणताना ते ‘न्य’पाशी जरा अडखळले. मी नागरिकशास्त्र शिकवतो, मला अडखळणं ओळखू येतं.

आणि इथे बाकावरच्या आप्पांनी मान वर केली.

आप्पा म्हणजे सत्तरी ओलांडलेले, डोक्यावर टोपी, हातात पेपर. एका कानाने कमी ऐकू येतं, दुसऱ्याने निवडक. बोलणं अहिराणीत : ‘कितलं’ म्हणजे किती, ‘शे’ म्हणजे आहे, ‘देशात’ म्हणजे द्याल, ‘आंडोर’ म्हणजे मुलगा. त्यांनी त्या सगळ्या भाषणातला एकच शब्द उचलला.

“कितलं?”

भाऊ थांबले. “काय आप्पा?”

“मूल्य. कितलं शे?”

“आप्पा, मूल्य म्हणजे आपली तत्त्वं. प्रामाणिकपणा, पारदर्शकता, माणुसकी...”

“ते ऱ्हाऊ द्या. आधारभूत मूल्य सांगा. सात हजार पाचशे एकवीस ना?”

आकडा बरोबर होता. लांब धाग्याच्या कापसाला २०२४-२५ च्या हंगामात क्विंटलला ७,५२१ रुपये हमीभाव होता, मध्यम धाग्याला ७,१२१. आप्पांना नातवाचं नाव आठवायला अर्धा मिनिट लागतो, पण हे दोन आकडे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

“व्यापारी त सात हजारना वर जात नही,” आप्पा म्हणाले. “तुम्ही देशात का सात हजार पाचशे एकवीस?”

“शेतकऱ्याच्या मालाला रास्त भाव हा माझ्या प्राधान्यक्रमात आहेच आप्पा!” भाऊंचा चेहरा खुलला. मोबाईलवालं पोरगं दोन पावलं पुढे सरकलं.

“कितवा?”

“अं?”

“नंबर कितवा शे?”

भाऊंनी मागे बघितलं. मागच्या एका कार्यकर्त्याने खिशातून पत्रक काढलं, उलटं धरलं, सुलटं केलं आणि हळूच म्हणाला, “चौथा, भाऊ.”

“पहिला कोन शे?”

“तरुणाईला दिशा,” कार्यकर्त्याने वाचलं.

आप्पांनी पेपरची घडी घातली. नीट, चार घड्या, बोटाने दाबून. “मना आंडोर पुनाले शे. दिशा त्याले मालूम शे. गाडी रातनी दहाले शे.”

सलूनवाला हसला. वस्तरा माझ्या गळ्याच्या घाटीवर होता. मी हसलो नाही.

“दुसरा?”

“सर्वांगीण विकास.”

आप्पा त्यावर काहीच बोलले नाहीत. पहिल्या नंबरवर निदान उत्तर तरी दिलं होतं. “तिसरा?”

“महिला सक्षमीकरण.”

“लाडकी बहीणना पंधराशे ते येतस घरमा. आते एक एकवीसशे सांगस, एक तीन हजार सांगस. तुम्ही कितलं सांगतस?”

भाऊ म्हणाले, “आप्पा, मी आकड्यांचं राजकारण करत नाही. मी मूल्यांचं करतो.”

“हां, मंग सांगा ना. मूल्य कितलं?”

गाडी परत मुक्कामावर. आता भाऊंच्या कपाळावर घाम दिसायला लागला. आवाज जरा चढवून, तोडून तोडून, आपण परदेशी पाहुण्याशी बोलतो तसं ते म्हणाले, “आप्पा, मूल्य म्हणजे किंमत नाही हो!”

“किंमतच नही?” आप्पांनी माझ्याकडे वळून विचारलं. “मास्तर, हाऊ काय सांगी राहिना? मूल्यले किंमतच नही?”

मला बोलायचं होतं. शपथेवर सांगतो, खूप बोलायचं होतं. आमच्या शाळेत शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत ते विचारायचं होतं. आमदार विधानसभेत जाऊन करतो काय, हे माणूस एकदा तरी सांगेल का, ते विचारायचं होतं. सहावीच्या चाचणीत मी ‘आमदाराची दोन कामे लिहा’ असा प्रश्न घातला होता. एका पोराने लिहिलं : १) लग्नाला येणे. २) दारावर (म्हणजे कोणी वारलं की सांत्वनाला) जाणे. मी लाल पेनाने मोठा भोपळा दिला. आता वाटतं, एक गुण द्यायला हवा होता. पोरगं डोळ्यांनी बघितलेलं लिहीत होतं, मी पुस्तकातलं तपासत होतो. २८८ माणसं मुंबईला बसून कायदे करतात, अर्थसंकल्प मंजूर करतात, सरकारला प्रश्न विचारतात, हे एकाही भाऊच्या, दादाच्या, ताईच्या पत्रकात मला सापडलेलं नाही. सभामंडप सापडतात. गटारी सापडतात, त्या नगरपालिकेच्या.

पण तोंडावर फेस, गळ्याशी वस्तरा. माझ्या घशातून जो काही आवाज निघाला तो होता, “अंऽऽ.”

“सर सहमत आहेत!” भाऊ गरजले.

टाळ्या पडल्या. कोणीतरी मागून येऊन कापडावरूनच माझ्या गळ्यात उपरणं घातलं. रंग सांगत नाही. घोषणा झाल्या. आप्पा तेवढ्यात म्हणाले, “सहमत कसाना? तोंडमा साबन शे मास्तरना.” पण ढोल सुरू झाला होता.

एवढ्यावर संपलं असतं तर हा लेख मी लिहिला नसता. जाता जाता भाऊंनी सलूनवाल्याच्या खांद्यावर हात टाकला. “चल, चौकात एक फोटो. कष्टकऱ्यांसोबत.” आणि तो गेला. हातात वस्तरा घेऊन गेला. पडद्यातून मान वळवून मला म्हणाला, “सर, दोन मिनिटं.”

मी आणि आप्पा उरलो. अर्धा तास. फेस आधी गार झाला, मग वाळला, मग तडकायला लागला. करायला काही नव्हतं म्हणून भाऊंचं पत्रक वाचलं. त्यात सातव्या क्रमांकाला आमची मनमाड-इंदूर रेल्वे होती. ही रेल्वे मी शाळेत होतो तेव्हापासून दर निवडणुकीत येते आणि निकालाच्या दिवशी निघून जाते. पण २ सप्टेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला खरोखर मंजुरी देऊन टाकली. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. आनंदाचीच गोष्ट, पण उमेदवारांची केवढी पंचाईत! तीन पिढ्यांना पुरलेलं आश्वासन एका दिवसात हातचं गेलं. भाऊंनी त्यावर तोड काढली होती : ‘या मार्गावर आपल्या गावाला सुपरफास्ट गाडीचा थांबा मिळवून देणार.’ रुळाचा पत्ता नाही, थांबा ठरला. आणि रेल्वे केंद्राची, भाऊ चाललेत मुंबईला. पण जाऊ द्या, मी काही बोललो तर परत ‘सहमत आहेत’ व्हायचं.

“आठे बी मना नंबर चौथाच शे,” आप्पा मधेच म्हणाले. “सकायपाईन बठेल शे.”

सलूनवाला आलाच नाही. मिरवणूक पुढच्या गल्लीत, तिथून पलीकडच्या पेठेत गेली म्हणे. मी टॉवेलने तोंड पुसलं, उपरणं आप्पांच्या शेजारी बाकावर ठेवलं आणि अर्ध्या दाढीने घरी निघालो. भर बाजारातून, रविवारी, आणि नेमका त्याच दिवशी अर्धा गाव भरताची वांगी घ्यायला बाहेर. बायकोने दार उघडलं, एक नजर टाकली आणि म्हणाली, “अहो, पैसे कमी पडले का?”

मुलाच्या रेझरने उरलेली बाजू उरकली. दोन ठिकाणी कापलं.

प्रशिक्षणाला पोहोचलो तेव्हा साहेब सांगत होते की मॉक पोलला, म्हणजे खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीला, किमान ५० मतं टाकायची आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. मागच्या बाकावर कोणाचं लक्ष नव्हतं. मागचा बाक मोबाईलमध्ये बघून खांदे हलवत होता. मी डोकावलो. मतदाराला स्वतःचं मत सात सेकंद दिसतं, मी तिथे एकोणीस सेकंद दिसत होतो. अर्धा पांढरा, अर्धा तुळतुळीत, गळ्यात उपरणं, आणि खाली ठळक अक्षरांत ‘विचारांना मिळाली शिक्षकांची साथ’. आप्पांचा एकही शब्द त्यात ठेवला नव्हता. माझा ‘अंऽऽ’ मात्र दोनदा लावला होता, दुसऱ्यांदा सावकाश करून. मागे तुतारी.

आता हसायचं थोडं बाजूला ठेवतो. निवडणुकीच्या कामावरच्या माणसाने प्रचारात दिसायचं नाही, हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. दिसलो की कारवाई माझ्यावर. मला विचारल्याशिवाय, तोंडाला फेस असताना, माझ्या गळ्यात कापड टाकणाऱ्याला मात्र कोण विचारणार? विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. चहा, वडापाव, खुर्ची, हार, ढोल, सगळ्याचे दर प्रशासनाने ठरवून दिलेले असतात आणि ते हिशेबात धरतात. मास्तराच्या अर्ध्या दाढीचा दर त्या पत्रकात नाही, म्हणजे ती फुकटच गेली. शिवाय सलूनवाल्याने सोमवारी मला रस्त्यात गाठून पूर्ण पैसे घेतले. “साबण तर पूर्णच लागला ना सर,” म्हणाला. यालाच भाऊ ‘कष्टकरी’ म्हणत होते.

मंगळवारी मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिला : ‘सदर चित्रफितीतील आवाज हा पाठिंब्याचा नसून, वस्तरा गळ्यालगत असल्याने स्वसंरक्षणार्थ काढलेला आहे. गळ्यातील वस्त्र माझ्या संमतीविना टाकण्यात आले. दोन्ही हात कापडाखाली असल्याने ते काढता आले नाही.’ त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला. “कुठल्या गालावर वस्तरा होता, ते पण टाका,” म्हणाले. टाकलं.

आज सकाळी आप्पा भेटले. बाजार समितीच्या फाटकाशी, कानाला फोन लावून ओरडत होते. त्या दिवशी एका कार्यकर्त्याने त्यांचा नंबर लिहून घेतला होता, ‘भाऊ स्वतः फोन करतील’ म्हणून. आणि भाऊ खरंच रोज फोन करतात, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

“मी इचारस, भाव कितला? तो थांबताच नही,” आप्पा रडकुंडीला आले होते. “बोली राहिना, बोली राहिना. तुम्ही इचारा मास्तर, तुमनं ऐकी.”

मी फोन कानाला लावला. “...आपली मूल्यं, आपला प्राधान्यक्रम. आपलं म्हणणं ऐकून घ्यायला हा आपला भाऊ सदैव तयार...” आणि टुक टुक करून फोन बंद झाला.

“काय म्हने?” आप्पांनी विचारलं.

“नंबर चौथाच शे, आप्पा.”