फळीआधी भिंत पाहावी
घरातल्या मांजरांना चढायला-बसायला भिंतीवर पायऱ्यांसारख्या चढत्या फळ्या लावण्याची एका लेखातली कल्पना मनापासून पटली, मात्र त्यात भिंतीचा विचार राहून गेला आहे. हल्ली बऱ्याच इमारतींत आतल्या भिंती हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या असतात. त्यांत साधी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून बसवलेला स्क्रू चार-पाच किलोच्या मांजराच्या रोजच्या उड्यांनी सैल होऊ लागतो, कारण उडीचा धक्का नुसत्या वजनाहून कितीतरी जास्त असतो. तिथे त्या ब्लॉकसाठीचेच फास्टनर (भिंतीत पक्की पकड घेणाऱ्या खास गिट्ट्या किंवा स्क्रू) वापरावेत. गुळगुळीत सनमायकावर नखे रुतत नाहीत, म्हणून वर काथ्याची चटई घट्ट चिकटवावी. दोन मांजरे असतील तर उतरायला दोन वाटा हव्यातच. एकच वाट असली की दांडगे मांजर ती अडवून बसते आणि भित्रे वरच अडकते. जाळी नसलेल्या खिडकीजवळ तर फळी लावूच नये.