‘गुपचूप द्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

‘मुलाला ॲडमिट करताय? डॉक्टर कधीच सांगणार नाहीत अशा सहा गोष्टी’ हा मेसेज दर पावसाळ्यात नव्याने उगवतो. या खेपेला तो माझ्या भाचीपर्यंत पोचला, आणि तेही तिची लेक डेंग्यूने दाखल असताना. रात्री फोन आला, “मावशी, ताप उतरत नाहीये. पिशवीत घरचं सिरप आहे. सिस्टरना न सांगता देऊ का?” मी मुलांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करून निवृत्त झालेय. माझा आवाज चढला, तो अजून खाली आलेला नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण धोका सगळ्यात जास्त तिथे आहे. ‘ताप उतरत नसेल तर घरचं औषध गुपचूप द्या, बिल वाढवायला हॉस्पिटलवाले ताप मुद्दाम उतरू देत नाहीत.’

अहो, तापाच्या मुलाला वॉर्डात पॅरासिटामॉल बहुतेक वेळा चालूच असतं, कधी तोंडाने, कधी शिरेतून. प्रत्येक डोस वेळेसकट ट्रीटमेंट शीटवर चढतो. तुमचा गुपचूप डोस त्या शीटवर नसतो. पुढच्या ड्यूटीची सिस्टर शीट बघून तिच्या वेळेला औषध देणार, आणि मुलाच्या पोटात दोन्ही जाणार. एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, मध्ये चार ते सहा तास आणि दिवसभरात किलोमागे ६० च्या आत, असा हिशेब असतो. म्हणजे दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५०. आता घरातल्या बाटल्या बघा. ड्रॉप्समध्ये एका मिलीत १००, साध्या सिरपमध्ये पाच मिलीत १२०, जास्त ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलीत २५०. नाव तेच, खोकाही जवळपास तसाच. ड्रॉप्स सिरप समजून पाच मिली पाजले की ५०० मिलिग्रॅम गेलं. वर वॉर्डातला डोस, आणि हेच रात्रभर पुन्हा पुन्हा. यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी फारशी दिसत नाही. ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. आणि चोरून दिलेल्या औषधाबद्दल त्या आठ तासांत तोंड कोण उघडणार?

शिवाय घरचं सिरप म्हणजे नुसतं पॅरासिटामॉलच, हे कुणी ठरवलं? भाचीला लेबल वाचायला लावलं, तर त्यात सोबत मेफेनॅमिक ॲसिड हे ताप-दुखण्याचं दुसरं औषध निघालं. डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असताना ते, आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दिलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेसेज लिहिणाऱ्याला याचा पत्ताही नाही.

पहिला मुद्दा: ‘मुलांचा डोस म्हणजे मोठ्यांच्या निम्मा, वजन करणं हे नाटक.’ मोठ्यांची गोळी ५०० ची, निम्मी २५०. चार किलोच्या तान्ह्याला ती दिली तर दिवसभराच्या मर्यादेहून जास्त औषध एकाच घोटात. चोवीस किलोच्या मुलाला मात्र तीच कमी पडते. झालं नाटक?

तिसरा: ‘सिस्टर दर वेळी नाव विचारते, कारण तिला काही माहीत नसतं.’ माहीत असूनही विचारायचं असतं. शेजारशेजारच्या खाटांवर दोन आरव असतात. चौथा, ‘सलाईन म्हणजे मीठपाणी, नको म्हणा.’ डेंग्यूत ते तासाला किती मिली जायचं हे मोजून ठरतं, कमीही चालत नाही आणि जास्तही. पुढे.

सहावा: ‘सिरप निर्धोक, साइड इफेक्ट गोळ्या-इंजेक्शनला.’ २०२५ च्या ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरला किडन्या निकामी होऊन आणली जात होती, ती सिरपनेच. कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपच्या नमुन्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, मर्यादा ०.१ टक्के. वीसहून जास्त लेकरं गेली.

उरला पाचवा, ‘हॉस्पिटलात दर दुसऱ्या मुलाच्या औषधात चूक होते’. इथे नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतं. २००१ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या दोन हॉस्पिटलांचा अभ्यास छापून आला होता. ११२० मुलं, औषधांच्या १०,७७८ ऑर्डरी, त्यांत ६१६ चुका. भागाकार केला तर आकडा मेसेजच्या जवळ जातो. पण पुढचं कुणी वाचत नाही. इजा होऊ शकली असती अशा चुका ११५. प्रत्यक्ष इजा २६, आणि त्यातल्या टाळता आल्या असत्या अशा ५. मोठ्यांच्या मानाने असे संभाव्य धोके मुलांत तिप्पट होते, आणि त्यातले ७९ टक्के औषध लिहितानाचे.

मुलांतच का, ते वॉर्डात उभं राहिल्यावर कळतं. जेंटामायसिन या अँटिबायोटिकचं ॲम्प्युल, म्हणजे इंजेक्शनची काचेची कुपी, मोठ्यांच्या मापाचं, दोन मिलीत ८० मिलिग्रॅम. दीड किलोच्या बाळाला किलोमागे ५ धरले तर साडेसात मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.१९ मिली. टिंब एक घर सरकलं की १.९ मिली. मोठ्या माणसाला दहापट द्यायचं तर ॲम्प्युलांमागून ॲम्प्युलं फोडावी लागतात, हात थबकतो. बाळाचं दहापट त्याच एका ॲम्प्युलमध्ये मावतं. म्हणून वजन, म्हणून दोघींनी मिळून डोस तपासायचा, म्हणून तुम्हालाही विचारायचा हक्क: कुठलं औषध, किती, कशासाठी, याआधीचं कधी दिलं? घरून काय काय दिलंय तेही त्याच वेळी सांगा, काढे-चाटणांसकट. आणि औषधाने काही बिघडलं असं वाटलं, तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे. तिथे नातेवाइकांनाही कळवता येतं.