सुरू न होणारी गाडी आणि व्हॉट्सॲपवरचे सरसकट निदान

पावसाळा तोंडावर आला की सुरू न होणाऱ्या गाडीवरच्या उपायांचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: गाडी सुरू झाली नाही तर बॅटरी गेली असे समजून नवी बसवावी, पण दिवे लागत असतील तर बॅटरी ठणठणीत आहे आणि स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) बिघडला आहे, कोणतीही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून सुरू होते, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीशी जंपर केबल लाल-लाल आणि काळी-काळी जोडून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले की बॅटरी भरते, आणि इंजिनात पाणी गेले असेल तर ते बाहेर फेकले जाईपर्यंत सेल्फ मारत राहावे.

पहिला दावा अर्धवट खरा आहे, म्हणूनच तो पटतो. बॅटरी हे नेहमी आढळणारे कारण आहे, एकमेव नव्हे. किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येते, यावरून निदानाची दिशा ठरते. जलद टकटक ऐकू आली आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर वीज कमी पडत आहे. एकच ठसठशीत ‘टक्’ आवाज होऊन पुढे शांतता असेल आणि दिव्यांचा उजेड तसाच राहिला, तर संशय स्टार्टरवर किंवा त्याच्या सोलेनॉइडवर, म्हणजे स्टार्टरला वीज जोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचवर जातो. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पकडत नाही, तेव्हा बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे इंधन, ठिणगी किंवा इमोबिलायझर (किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा) तपासावा लागतो. डॅशबोर्डवर किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकत असेल, तर आधी दुसरी किल्ली लावून पाहावी. सीएनजीच्या अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात, आणि टाकीत पेट्रोलचा थेंब न ठेवण्याची काटकसर करणाऱ्या मालकाला त्याची आठवण नेमकी अशा सकाळी होते. शिवाय टर्मिनलवर साठलेला पांढरट-हिरवट क्षार किंवा हाताने हलवल्यावर फिरणारी सैल पकड एवढ्यानेही चांगली बॅटरी मेल्यासारखी वागते. ती पकड साफ करून घट्ट करायला पाना आणि जुना ब्रश पुरतो.

दुसरा दावा पहिल्याशी विसंगत आहे, हे संदेश पुढे ढकलणाऱ्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही. ५५ वॅटचा एक हॅलोजन दिवा साधारण ५ अँपिअर घेतो. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर मात्र शंभर ते दोनशे अँपिअर ओढतो. त्यामुळे दिवे लागले एवढ्यावरून बॅटरी चांगली ठरत नाही. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो. सेल्फ मारताना तो आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी उतरली तरी आहे किंवा थकली आहे.

धक्क्याचा उपाय जुन्या मॅन्युअल गाड्यांच्या काळातला आहे. टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी द्रवातून शक्ती पोहोचवणारा भाग) असलेल्या ऑटोमॅटिक गाडीत चाके फिरवून इंजिन फिरत नाही, आणि एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्स आपोआप बदलणाऱ्या) गाडीत क्लच व गिअर हलवणारी यंत्रणाच विजेवर चालते. मॅन्युअल गाडीतही इंधनपंप आणि कॉम्प्युटर चालण्यापुरती वीज लागतेच. घाटाच्या उतारावर बंद गाडी सोडून असा प्रयोग करणे तर धोक्याचे आहे, कारण इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.

जंपर केबलबाबत लाल टोके दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टर्मिनलला लावायची, हे बरोबर आहे. काळ्या केबलचे शेवटचे टोक मात्र उतरलेल्या बॅटरीवर न लावता तिच्यापासून दूर, इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूवर लावतात, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो. दहा मिनिटांच्या आयडलिंगमध्ये खोलवर उतरलेली बॅटरी भरत नाही. ती नीट भरायची तर चार्जरवर काही तास ठेवावी लागते.

शेवटचा दावा सर्वांत घातक आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून पाण्यात अडकलेल्या गाड्या मुंबईकरांना नव्या नाहीत; तरीही हा सल्ला टिकून आहे. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. तोवर निव्वळ साफसफाईवर निभावणारे काम इंजिन खोलण्यावर जाते. अशा वेळी किल्लीला हात न लावता बॅटरीची ऋण केबल काढावी आणि एअर फिल्टरचा डबा उघडून पाहावा. फिल्टर ओला असेल किंवा डिपस्टिकवरचे (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीवरचे) ऑइल दुधाळ दिसत असेल, तर गाडी टो करून न्यावी. तेथे मेकॅनिक स्पार्क प्लग काढून, सिलिंडर मोकळे ठेवून मगच इंजिन फिरवतो. पाण्यातल्या गाडीला सेल्फ मारून झालेले इंजिनाचे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि तेही पॉलिसीच्या अटी वाचूनच घ्यावे.