पण गाडीनं कधी दगा दिला नाही हो!

जुनी छोटी गाडी वर्षानुवर्षं बाळगायची असेल तर इंजिन ऑइलच्या आधी एक वाक्य तयार ठेवा: ‘पण गाडीनं आजवर कधी दगा दिला नाही हो!’ यातला ‘पण’ महत्त्वाचा. हे वाक्य नेहमी कुठल्या तरी खर्चाच्या आकड्यानंतर म्हणायचं असतं. आरशासमोर सराव करा. आरसा गाडीचाच घ्या, डावीकडचा. तो तसाही हातात निघून येतो.

खोटं बोला असं मी म्हणत नाही. फक्त ‘दगा’ या शब्दाचा अर्थ दर दोन-चार वर्षांनी थोडा आखडता घ्यायचा. नवी असताना दुसऱ्यांदा सेल्फ मारावा लागला तरी आपण अस्वस्थ व्हायचो. दहाव्या वर्षी भर रस्त्यात बंद पडली तरच तो दगा. पंधराव्या वर्षी रस्त्यात बंद पडली, पण चहाच्या टपरीसमोर पडली, तर गाडी समजूतदार. माझी २००६च्या दसऱ्याची आहे. गेल्या पावसाळ्यात ती टोइंगच्या गाडीवर बसून घरी आली, तेव्हा मी शेजाऱ्यांना सांगितलं, ‘बघा, कितीही झालं तरी घरी येतेच.’ कंपनीचं नाव सांगत नाही. दोष तिचा नाहीच. गाडी वीस वर्षं वापरा असं तिनं कधी सुचवलंदेखील नव्हतं.

घरून विरोध झाला तर परंपरेचा आधार घ्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली हरपाल सिंग यांना मिळाली. २०१० साली त्यांचं निधन झालं, तोवर त्यांनी ती गाडी विकली नाही. पुढं कंपनीनं तिची डागडुजी करून ती आपल्या मुख्यालयात मांडून ठेवली. ही गोष्ट मी बायकोला सांगितली. ती म्हणाली, ‘आपल्या गाडीची किल्ली कुणी दिली होती?’ शोरूममधल्या एका मुलानं, नारळासकट. मुख्यालयाचं तेवढं बोलू नका.

आता मुख्य युक्ती. गाडीचा भरवसा गाडीत नसतो, तो तुमच्या वागण्यात असतो. दगा देण्याची संधीच तिला द्यायची नाही. रात्री नऊनंतर नाही, मुसळधार पावसात नाही, लग्नाच्या मुहूर्ताला तर नाहीच. पार्किंग नेहमी उताराकडं तोंड करून. सिग्नलला इंजिन बंद करायचं नाही. पेट्रोल वाचवा ही सूचना ज्यांची गाडी पुन्हा सुरू होते त्यांच्यासाठी असते. एवढं पाळलं की वर्षाला दीड हजार किलोमीटर होतात आणि त्यात दगा शून्य. नव्या गाडीला हे जमत नाही, कारण नवी गाडी लोक वापरतात.

तरीही कधीतरी साताऱ्याला जावंच लागतं. खंबाटकीचा घाट चढायच्या आधी एसी बंद करा. तापमानाचा काटा तरीही वर सरकू लागला तर हीटर पूर्ण सोडा, पंखा शेवटच्या आकड्यावर. हा विनोद नाही. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागं बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो उचलून गाडीत आणतो. मे महिन्यात, चार माणसांच्या अंगावर. मागं आत्या बसल्या असतील तर त्यांना सांगा, गुडघ्यांना शेक चांगला. खिडक्या उघडायला त्या सांगतील. हँडल फिरवून द्या; काच आपण वर ओढली तरच येते हे त्यांना नंतर कळेल.

आवाजांकडं दुर्लक्ष करण्याची कला वेगळी शिकावी लागते. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढच्या चाकातून ‘कट्-कट्-कट्’ आलं, तर अ‍ॅक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटलाय, ग्रीस उडून गेलंय आणि आत धूळ बसलीय. बूट वेळेवर बदलला तर काम काही शेकड्यांत होतं, जॉइंट गेला की हजारांत. म्हणून घाई करू नका. शेकड्यांच्या कामाला गॅरेजमध्ये कुणी मान देत नाही. स्पीड ब्रेकरवर ‘धडक’ आली तर लोअर आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, रबरी बुश. सकाळी सुरू करताच किंचाळली तर इंजिनचा पट्टा. हे सगळे आवाज रेडिओनं झाकले जातात. रेडिओ हा जुन्या गाडीचा सर्वांत स्वस्त स्पेअर पार्ट आहे.

धूर मात्र झाकता येत नाही. काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही. निळसर असेल तर इंजिन ऑइल पिऊ लागलंय. गाडी चांगली गरम झाल्यावरही पांढरा येतच राहिला आणि कूलंटची पातळी आपोआप उतरू लागली, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलची, शंका घ्या आणि ती मनातच ठेवा. माझ्या गाडीचा निळा आहे. वॉचमननं विचारलं तेव्हा मी म्हणालो, ‘थंडीमुळं.’ एप्रिल होता.

गंजाबद्दल थोडं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजली की पावसाचं पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून कुजायला लागतो. बाहेरून रंगाला फुगा येतो तोवर आत पत्रा उरलेला नसतो, रंगच रंगाला धरून असतो. वर्षातून दोनदा तार घालून ती भोकं मोकळी करणं हे दहा मिनिटांचं काम. ते मुळीच करू नका. नाहीतर पत्रा ठोकणाऱ्या टिंकरिंगवाल्याशी ओळख कशी होणार?

ओळख या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आपला मिस्त्री. तो दर वेळी म्हणतो, ‘साहेब, इंजिन लोणी आहे. बाकीचं तेवढं बघून घेऊ.’ या ‘बाकीच्या’त माझ्याकडं आजवर दोन क्लच प्लेटा, एक रेडिएटर, दोन बॅटऱ्या, स्टार्टर, पुढचे चारही बुश आणि एक अख्खं सायलेन्सर आलं. पार्ट आणायला तो मला पुण्याच्या नाना पेठेत पाठवतो. तिथं काउंटरवर एकच प्रश्न असतो: ‘ओरिजनल देऊ की लोकल?’ इथं माणसाचा स्वभाव कळतो. ओरिजनल घेतला तर गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा हातातून जातो. लोकल घेतला तर पुढच्या दिवाळीत पुन्हा त्याच काउंटरवर. मी लोकल घेतो. दुकानदार आता चहा विचारतो.

हिशेब लिहू नका. मी २०१९ साली एक वही घातली होती. जूनपर्यंत ३८,४०० झाले. जुलैत वही सापडेना, आणि मीही फार शोधली नाही. लोक ॲव्हरेज विचारतील, ‘किती देते?’ तेव्हा नव्या गाडीचं बोलायचं, बेधडक. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांशानं कमी, आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग, गॅस्केट त्यामुळं लवकर बदलावे लागू शकतात. म्हणजे अखेर आपल्याला एक सन्माननीय कारण मिळालं. माझी ॲव्हरेज २०१४ पासून उतरतेय, पण दोष मी इथेनॉललाच देतो.

नवी सुरक्षित नंबर प्लेट बसवून घेतली असेलच. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची झाली. ७४५ रुपये, वर जीएसटी. तिचं कुलूप एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. गाडीत धक्क्यानं न निघणारी अशी ती एकमेव वस्तू आहे. मी अधूनमधून तिला हात लावून बघतो, बरं वाटतं.

राहिला आरटीओ. पंधरा वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण, आणि नंतर दर पाच वर्षांनी. माझं २०२१ साली झालं तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती, पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,०००. माझ्या गाडीला २०२६च्या दसऱ्याला वीस पूर्ण होतात, म्हणजे मुहूर्त चांगलाच साधलाय. एक एजंट मध्यंतरी येऊन गाडीचे पंचवीस हजार देऊन न्यायला तयार होता. त्याला मी हसून चहा पाजला. पासिंगला न्यायच्या आधी मिस्त्रीनं अठरा हजारांचं ‘बाकीचं’ सांगितलंय. अठरा आणि दहा अठ्ठावीस, वर कर, असला हिशेब करत बसू नका. वही का हरवली ते आठवा.

तुमचंही असंच पाच वर्षांचं पासिंग झालं की सोसायटीत पेढे वाटा. विचारणाऱ्याला आपलं वाक्य सावकाश, ‘पण’सकट ऐकवा. पेढे आणायला मात्र रिक्षानं जा. कुणी विचारलंच, तर सांगा की पेठेत पार्किंग मिळत नाही.