आत्मा बोलावताना घ्यावयाची काळजी

बांधावरचा आंबा आजोबांनी नक्की कोणाला कबूल केला होता, हे त्यांच्याच आत्म्याला विचारायचं ठरवलंय ना? मग मेणबत्ती नंतर आणा, आधी पंथ ठरवा. पंथ चुकला तर आजोबा येणार नाहीतच, वर जाणकार मंडळी तुमची अक्कल काढतील.

फ्रेंच पद्धत घरगुती आहे. तिचे प्रवर्तक आलान कार्देक हे मूळचे शिक्षक. त्यांच्या लेखी ‘इव्होकेशन’ म्हणजे देवाचं नाव घेऊन मेलेल्याला आदराने हाक मारायची, उत्तर माध्यमाच्या, म्हणजे आत्मा ज्याच्या हातून लिहितो त्या माणसाच्या, पेन्सिलीतून येतं. फक्त इस्टेटीचं विचारू नका. थोर आत्मे असल्या भानगडीत पडत नाहीत, टवाळ आत्मे मात्र नसलेल्या खजिन्याचा पत्ता खुशाल देतात, असं कार्देकनी १८६१ मध्येच बजावून ठेवलंय. म्हणजे उत्तर खरं निघालं तर आजोबा आले होते, खोटं निघालं तर दुसरंच कोणी. पद्धत कशी ती फसतच नाही!

हाच शब्द लंडनच्या मांत्रिकांपुढे जपून उच्चारा. तिथे इव्होकेशन म्हणजे नऊ फुटी रिंगणात तुम्ही, बाहेर दोन फुटांवर तीन फुटी त्रिकोण आणि त्यात बोलावलेला आत्मा. देवतेला स्वतःत उतरवायचं ते ‘इन्व्होकेशन’, ते वेगळं. तुमचा हॉल दहा बाय बाराचा असेल, तर त्रिकोण स्वयंपाकघरात जाईल. घरच्यांची परवानगी काढून ठेवा. त्यांच्यातल्याच अॅलिस्टर क्रोली या इंग्रज मांत्रिकाने १९०४ मध्ये अशाच बहात्तर आत्म्यांच्या यादीला प्रस्तावना लिहिली आणि हे आत्मे म्हणजे मानवी मेंदूचेच भाग असं त्यात सांगून टाकलं. मग रिंगण कशाला, असं विचारू नका. नवशिके वाटाल.

थिऑसॉफिकल सोसायटीच्या एक संस्थापक मादाम ब्लाव्हात्स्की १८७९ मध्ये मुंबईला आल्या, गिरगावात राहिल्या. त्यांना विचारलं असतं, तर बैठकीला येतो तो बहुधा आत्मा नव्हेच, त्याने मागे टाकलेली कात असते, असं उत्तर मिळालं असतं. कातीच्या साक्षीवर फेरफार होत नाही.

आपल्याकडे सगळं सोपं. षोडशोपचारांत पहिलाच उपचार आवाहनाचा, सुपारीलासुद्धा तो मान मिळतो. (लिहिताना ‘आव्हान’ लिहू नका. आलेला भांडायच्या तयारीने येईल.) न बोलावता कोणी आलं, तर मात्र घुमणारं कोण ते आधी बघा. सासू घुमली तर देवीचा संचार, खणानारळाने ओटी. सून घुमली तर बाधा, लिंबू आणि छडी. लक्षणं दोघींची तीच असतात, पण परंपरेला बारकावे दिसतात, तुम्हा-आम्हाला नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला तर बारकाव्यांची अजिबात जाण नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली की तो सरळ गुन्हा धरतो.

एवढं सांभाळून बैठक जमलीच, तर शास्त्रज्ञ फॅराडेचं नाव काढू नका. बैठकीतलं टेबल आत्मे हलवत नाहीत, बसलेल्यांचेच हात नकळत ढकलतात, हे त्याने १८५३ मध्ये प्रयोग करून दाखवलं आणि रसभंग केला. प्लँचेटच्या तबकडीवर चुलत्यांचं बोट आधीच असेल. तुमचंही ठेवा, आणि जरा जोर लावा.